नाव आपले, किल्ली कोणाची?

औषधालयातील कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, याविषयी आपल्या व्यवसायात दुमत कधीच नव्हते. भस्मे, रसकल्प आणि शोधनापूर्वीची विषद्रव्ये ज्या कपाटात ठेवलेली असतात, त्याची किल्ली वैद्याच्या किंवा औषधालयाच्या मालकाच्या हाती असते. कपाट घडविणाऱ्या सुताराच्या हाती नसते. सुतार कितीही प्रामाणिक असला, तरी काम पुरे होताच तो किल्ल्या मालकाच्या स्वाधीन करतो आणि आपल्या वाटेने जातो. इतकी साधी रीत संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. संकेतस्थळ आपले, त्यावरचे नाव आपल्या वाडवडिलांचे आणि किल्ल्या मात्र दुसऱ्याच कोणाच्या खिशात, अशी स्थिती आढळते. ती बदलली पाहिजे, एवढेच या लेखात आम्हास सांगावयाचे आहे.

एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने दूरस्थ चिकित्सासल्ल्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि वैद्यांसाठी ही वाट रीतसर खुली झाली. संकेतस्थळ आता केवळ दारावरची पाटी राहिलेले नाही. रुग्ण तेथे आपले नाव, वय, कोष्ठाच्या तक्रारी, मासिक पाळीचा इतिहास, चालू असलेली औषधे असे सारे लिहून पाठवितो. परगावचा ग्राहक औषधांची मागणी नोंदवितो आणि पैसे भरतो. ज्या गोष्टी रुग्ण घरातल्या माणसांसही सांगत नाही, त्या तो वैद्यावरील विश्वासाने त्या रकान्यांत लिहितो. हा मजकूर कोणत्या वाटेने जातो आणि खरोखर आपल्याच दारी पोहोचतो काय, हे पाहण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? आमच्या मते ते सर्वस्वी वैद्याचे आणि औषधालयाच्या मालकाचे आहे.

नाव, जागा आणि वाटाड्या

संकेतस्थळाची तीन अंगे निरनिराळी असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पहिले अंग म्हणजे डोमेन, अर्थात नाव. ते कायमचे विकत मिळत नाही. वर्षांच्या बोलीने नोंदवावे लागते आणि मुदत सरण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. दुसरे अंग होस्टिंग, म्हणजे ज्या संगणकावर आपली पाने ठेवलेली असतात ती भाड्याची जागा. तिसरे अंग नेमसर्व्हर. अमुक नावाचे बिऱ्हाड हल्ली कोठे आहे, हे विचारणाऱ्यास सांगणारा तो वाटाड्या होय. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी या व्यवस्थेचा आराखडा मांडला. तोवर जाळ्यातील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत लिहून ठेवण्याची पद्धत होती. आज जगभरची नावे ज्याच्या त्याच्या नेमसर्व्हरवर नोंदलेली असतात आणि ब्राउझर क्षणार्धात तेथे विचारणा करून पत्ता मिळवितो.

ही तीनही अंगे एकाच कंपनीकडे असू शकतात किंवा तीन निरनिराळ्या ठिकाणी असू शकतात. म्हणूनच घोटाळा होतो. संकेतस्थळ तयार करून देणारा पुष्कळदा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या नावे डोमेन नोंदवितो. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असे नव्हे. त्याला ते सोयीचे पडते. परंतु पुढे त्याने व्यवसाय बंद केला, तो परगावी गेला, किंवा देण्याघेण्यावरून बेबनाव झाला, म्हणजे कागदोपत्री ते नाव त्याचेच ठरते. तीन पिढ्यांच्या औषधालयाचे नाव मग तिऱ्हाइताकडून सोडवून घ्यावे लागते. .इन नावांविषयीच्या तंट्यांसाठी निक्सी या संस्थेची लवादाची व्यवस्था आहे खरी, पण तिथवर जाण्यात वेळ, पैसा आणि मनस्ताप तिन्ही खर्ची पडतात. नोंदणीच्या दिवशी एक ओळ नीट लिहिली असती, तर हे सारे टळले असते.

नेमसर्व्हर बदलण्याचा प्रसंग तर विशेष जपण्याचा. होस्टिंगची कंपनी बदलली की नवी कंपनी आपले दोन नेमसर्व्हर कळविते आणि डोमेनच्या खात्यात ते भरावयास सांगते. काम दोन मिनिटांचे. मात्र जुन्या नेमसर्व्हरवर केवळ संकेतस्थळाचा पत्ता नसतो. आपली टपाले कोठे पोहोचवावीत हे सांगणारी एमएक्स नोंद तेथेच असते. आपल्या नावे कोणता सर्व्हर टपाल पाठवू शकतो, हे सांगणारी टीएक्सटी नोंदही तेथेच असते. या नोंदी नव्या ठिकाणी उतरवून न घेता नेमसर्व्हर बदलले, तर संकेतस्थळ झळकते. औषधालयाची ई-मेल मात्र मुकाट्याने बंद पडते. वितरकांच्या मागण्या आणि परवान्यासंबंधीची शासकीय पत्रे येत नाहीत, आणि ती येत नाहीत हेही काही दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

यासाठी क्रम पाळावा. आधी जुन्या सर्व नोंदींची प्रत घ्यावी आणि त्या नव्या नेमसर्व्हरवर भराव्यात. जुन्या नोंदींची टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद किती काळ स्मरणात ठेवावी ती मुदत, एक-दोन दिवस अगोदर कमी करावी. मग नेमसर्व्हर बदलावेत. बदल सर्वत्र पोहोचण्यास काही तासांपासून साधारण दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. त्या काळात काही रुग्ण जुन्या जागी जातील, काही नव्या. म्हणून जुनी जागा लगेच सोडू नये. नवे घर लावून झाल्यावरच जुन्याचे भाडे थांबवावे, हा प्रपंचातला नियम येथेही चालतो.

सर्टिफिकेट कशाची ग्वाही देते?

आता सर्टिफिकेटविषयी. ज्यास आपण अजूनही एसएसएल म्हणतो, ते नाव नेटस्केप कंपनीने १९९० च्या दशकात रूढ केले. मूळ एसएसएल केव्हाच मागे पडले. १९९९ पासून टीएलएस ही तिची सुधारित आवृत्ती आली आणि आज व्यवहारात टीएलएसच्या १.२ व १.३ या आवृत्त्या आहेत. नाव जुने राहिले, द्रव्य बदलले. हा प्रकार वनस्पतींच्या बाजारात वावरणाऱ्या आपल्या वाचकांना नवखा वाटू नये.

सर्टिफिकेटची कामे दोन. रुग्णाच्या ब्राउझरपासून आपल्या सर्व्हरपर्यंतचा मजकूर वाटेत कोणास वाचता किंवा बदलता येऊ नये, अशा गुप्त रूपात तो जाण्याची सोय होते, हे पहिले. आणि ज्या नावाने हाक मारली त्याच नावाचा धनी ओ देत आहे, याची ग्वाही मिळते, हे दुसरे. ही ग्वाही देणाऱ्या संस्थांची यादी ब्राउझरजवळ असते. आपल्या शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हे आप्तप्रमाण होय. ब्राउझर आपल्या सर्व्हरला ओळखत नाही. तो आप्ताला ओळखतो आणि आप्ताच्या शब्दावर आपल्याला मानतो. आप्ताचा शब्द खोटा ठरला, तर प्रमाणच उरत नाही. नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेत २०११ मध्ये घुसखोरी होऊन गूगलसह अनेकांच्या नावे खोटी सर्टिफिकेटे निघाली. ब्राउझरांनी तिला यादीतून काढले आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत निघाली.

येथे आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. सर्वसाधारण सर्टिफिकेट देताना ती संस्था काय तपासते? औषधालयाचा परवाना पाहत नाही, वैद्याचा नोंदणी क्रमांक पाहत नाही. मागणारा त्या नावावर ताबा ठेवून आहे काय, एवढेच ती पाहते. त्यासाठी ती एक सांकेतिक मजकूर देते आणि तो संकेतस्थळावर ठेवावयास किंवा नेमसर्व्हरच्या नोंदींत लिहावयास सांगते. मजकूर तेथे दिसला की सर्टिफिकेट मिळते. याचा अर्थ उघड आहे. ज्याच्या हाती आपला नेमसर्व्हर, त्याला आपल्या नावाचे अस्सल सर्टिफिकेट मिळविता येते, आपले टपाल वळविता येते आणि आपला रुग्ण दुसऱ्याच्या दारी नेता येतो. रुग्णास शंकाही येणार नाही. सर्टिफिकेट हे कुलूप असेल, तर ते ज्या चौकटीला लावले आहे ती चौकट म्हणजे नेमसर्व्हर. चौकट परक्याच्या ताब्यात देऊन महागडे कुलूप विकत घेण्यात शहाणपण नाही.

तितकेच महत्त्वाचे हे की, सर्टिफिकेट औषधाच्या गुणाविषयी एक अक्षरही बोलत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही ते सहज मिळते. पूर्वी क्रोम ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसे. कुलूप म्हणजे विश्वासार्ह दुकान असा लोकांचा समज होत असल्यामुळे २०२३ मध्ये ते चिन्हच बदलण्यात आले. असे असता काही औषधविक्रेते ‘सुरक्षित व प्रमाणित’ अशी मोहोर औषधाच्या चित्राशेजारी, उत्तम निर्मितिप्रणालीच्या उल्लेखाला खेटून लावतात, हे आम्हास अनुचित वाटते. शेड्यूल टीनुसार मिळालेले प्रमाणपत्र वेगळे आणि संकेतस्थळाचे सर्टिफिकेट वेगळे. भोळ्या ग्राहकाने दोहोंत घोळ करावा अशी मांडणी करणे व्यवसायास शोभत नाही.

चूर्ण आणि आसव

शार्ङ्गधरांनी कल्पांची सवीर्यता काळाने मोजली आहे. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते. आसवे व रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणवान ठरतात. सर्टिफिकेट हे आसव नव्हे, चूर्ण आहे, आणि त्याची मुदत दिवसेंदिवस आखूड होत चालली आहे. सप्टेंबर २०२० पासून ही कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे ठरविले: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. त्यामागील कारण पटण्याजोगे आहे. किल्ली चोरीस गेली, तरी थोड्याच दिवसांत ती निरुपयोगी व्हावी आणि नावाच्या मालकीची तपासणी वारंवार घडावी.

परिणाम असा की, वर्षातून एकदा आठवणीने सर्टिफिकेट बदलण्याची पद्धत आता निभावणार नाही. नूतनीकरण आपोआप झाले पाहिजे. ते तसे होते की नाही, हे मात्र माणसाने पाहिले पाहिजे. मुदत सरली की रुग्णाच्या पडद्यावर ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा पानभर इशारा येतो. ज्या औषधालयाने पन्नास वर्षे एकही मुदतबाह्य बाटली विकली नाही, त्याच्या नावापुढे असा इशारा यावा, ही नामुष्की नव्हे काय? सर्टिफिकेटच नसले तरी चालेल, असेही म्हणता येत नाही. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर सर्टिफिकेटविना चालणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शिक्का दाखवितो.

खर्चाविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी व्यवस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना विनामूल्य सर्टिफिकेट देत आहे आणि अनेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवून देतात. गुप्ततेच्या दृष्टीने विनामूल्य आणि विकतचे यांत फरक नाही. विकतच्या काही प्रकारांत संस्थेची कागदपत्रे तपासून तिचे नाव सर्टिफिकेटमध्ये लिहिले जाते; मोठ्या कारखान्यास त्याचा उपयोग वाटला तर त्याने ते अवश्य घ्यावे. लहान औषधालयाने किंवा वैद्याने मात्र केवळ आग्रहाखातर दरवर्षी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. विनामूल्य सर्टिफिकेट घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. मुदत संपत आल्याची सूचना लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी ई-मेलने पाठवीत असे. जून २०२५ पासून ती बंद झाली आहे. आता आपणच तारखेवर नजर ठेवली पाहिजे.

सर्टिफिकेट बसविल्यावरही तीन गोष्टी तपासाव्यात. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, अशा दोन्ही रूपांनी नाव उघडून पाहावे. सर्टिफिकेटमध्ये दोन्ही रूपे असावी लागतात. जुन्या एचटीटीपी पत्त्यावर येणारा रुग्ण आपोआप एचटीटीपीएसवर वळतो काय, ते पाहावे. आणि पानांतील जुनी चित्रे व अर्ज अद्याप एचटीटीपीनेच तर जोडलेले नाहीत ना, याची खातरजमा करावी. २०१४ पासून .भारत हे देवनागरी डोमेनही मिळू लागले आहे. ज्यांनी मराठी नाव स्वतंत्रपणे घेतले असेल, त्यांनी त्याचाही अंतर्भाव सर्टिफिकेटमध्ये करून घ्यावा.

‘हे आमचे काम नव्हे’

यावर वैद्यबंधू म्हणतील, नाडी पाहावयाची की नेमसर्व्हर? आक्षेप निराधार नाही. वैद्याने सर्व्हरच्या आज्ञा पाठ कराव्यात, असे आमचेही म्हणणे नाही. चिकित्सेच्या चार पादांत उपस्थाता हा स्वतंत्र पाद आहे. काढा उकळण्याचे काम त्याचे. परंतु कोणता काढा, किती आटवावयाचा आणि कोणास द्यावयाचा, हे वैद्य ठरवितो, म्हणूनच चारांत त्याला प्राधान्य आहे. संकेतस्थळ सांभाळणारा हा आपला उपस्थाता. त्याला काम द्यावे, त्याच्या कामाचे मोल द्यावे, त्याला स्वतंत्र प्रवेशही द्यावा. पण मालकीचे खाते आपल्या नावे आणि आपल्या ई-मेलवर असावे.

दुसरा आक्षेप असा की, समाजमाध्यमावर पान आहे, तेथेच मागण्या येतात. मग संकेतस्थळाचा खटाटोप कशाला? ज्यांचे काम तेवढ्यावर भागते त्यांनी खुशाल तसे करावे. मात्र ते पान दुसऱ्याच्या आवारात मांडलेले असते. आवाराचा धनी नियम बदलील तेव्हा आपले दुकान उठेल. स्वतःचे डोमेन हीच या क्षेत्रातली आपली त्यातल्या त्यात स्वाधीन वस्तू आहे.

तिसरी बाजू कायद्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तींची माहिती गोळा करणाऱ्यांवर वाजवी सुरक्षा उपायांचे बंधन घातले आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. लहान वैद्यास कमाल दंड होईल, अशी भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. रुग्णाचे गुपित राखणे हा आपला धर्म कायद्याहून पुष्कळ जुना आहे. कायद्याने केवळ त्याची आठवण करून दिली.

संघटनेने काय करावे?

शंखपुष्पी मागितली असता एका प्रांतात एक वनस्पती हाती येते, तर केरळात गोकर्णी मिळते. रास्नेची कथाही तशीच. नाव एक आणि द्रव्य निराळे, ही संदिग्धता आपण निघंटूंच्या आधारे सोडवितो. संकेतस्थळांच्या नावांतही हाच प्रकार आहे. एका अक्षराच्या फरकाने दुसराच इसम आपल्या औषधालयाच्या नावासारखे नाव नोंदवू शकतो आणि त्यास सर्टिफिकेटही मिळू शकते. रिझर्व्ह बँकेने अशाच फसवणुकीस आळा घालण्यासाठी देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन या राखीव डोमेनवर जाण्यास सांगितले. आपल्याकडे तशी सोय नाही; परंतु आपल्याजवळ छापील त्रैमासिक आहे आणि सभासदसूची आहे. संघटनेने प्रत्येक सभासदाच्या नोंदणी क्रमांकाशेजारी त्याच्या संकेतस्थळाचे अचूक नाव पडताळून छापावे. संदेह पडल्यास पाहता येईल असा हा आपला छोटासा निघंटू होईल.

सभासदांनीही या तिमाहीत एक दुपार काढून चार गोष्टी वहीत लिहाव्यात, ही आमची विनंती. डोमेन कोणत्या कंपनीकडे, कोणाच्या नावे आणि कोणत्या ई-मेलवर नोंदले आहे व केव्हा सरते. नेमसर्व्हर कोणते आणि त्यांच्या खात्याची किल्ली कोणाकडे. सर्टिफिकेट कोणाचे, कोणत्या तारखेपर्यंतचे आणि आपोआप नवे होते काय. होस्टिंगचे भाडे कोण व केव्हा भरतो. डोमेनच्या खात्याला पासवर्डाशिवाय दुसरा पडताळाही लावावा आणि नाव परस्पर हलू नये म्हणून तेथील कुलूप चालू असल्याची खात्री करावी. ती वही परवाना, जीएसटीची कागदपत्रे आणि जागेचा करार यांच्याजवळ ठेवावी व घरातील किंवा पेढीतील आणखी एका जबाबदार व्यक्तीस ठाऊक असावी.

ज्यांना या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर स्वतःहून देता येत नसेल, त्यांनी आपल्या संकेतस्थळ बनविणाऱ्यास सौजन्याने, पण लेखी विचारावे. प्रामाणिक माणूस आठवड्याच्या आत उत्तर देईल आणि खाते आपल्या नावे करूनही देईल. जो टाळाटाळ करील, त्याच्या पुढील देयकावर सही करण्यापूर्वी नावाचे हस्तांतरण पुरे करून घ्यावे.